आमच्या पंपांना जरा अस्वस्थ वाटतंय

काकांचा फोन आला की मी आधी बसून घेते. ते 'हॅलो' म्हणतात, मुलुंडला आज ऊन किती आहे ते सांगतात, मग माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात. नुसत्या गप्पांसाठी फोन केला असेल तरी काकांची सुरुवात अशीच असते आणि कोणी गेलं असेल तरीही अशीच. फरक कळायला थोडा वेळ जावा लागतो. तो वेळ उभ्याने काढू नये, हे मी अनुभवाने शिकले आहे.

काका माझ्या पहिल्या नोकरीतले वरिष्ठ. कंपनी मुलुंडची, एलबीएस रोडच्या आतल्या गल्लीतल्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली. आम्ही छोटे पंप बनवायचो. पाण्यात किंवा दुधात औषध थेंबाथेंबाने, नेमकं मोजून सोडणारे. मालक कच्छी, सगळे त्यांना शेठ म्हणत. काका एक्स्पोर्टचं बघत. म्हणजे मुख्यतः हॉलंडच्या एका कंपनीचं बघत, कारण आमचे निम्म्याहून जास्त पंप तिकडेच जात. मी काकांच्या हाताखाली लागले तेव्हा माझ्याकडे एमबीए होतं आणि वर 'क्रॉस कल्चरल कम्युनिकेशन'चा एक कोर्स होता. त्यात परदेशी माणसाशी हात किती जोरात मिळवायचा इथपासून सगळं शिकवलं होतं. काका कोणत्या संस्कृतीत बसतात, एवढंच त्यात नव्हतं.

बारा महिने तेरा काळ अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, कारण एसी. दोन्ही मनगटांवर घड्याळं. डाव्या हातावर मुलुंड, उजव्या हातावर हॉलंड. तिकडची घड्याळं उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे होतात, तेव्हा काका उजवं घड्याळ काढून, काच पुसून, गंभीर चेहऱ्याने काटे फिरवायचे. हे कशासाठी, तर माणूस जेवत असताना त्याला फोन करू नये. हॉलंडची माणसं दुपारी काय जेवतात हे कळलं तेव्हा तर ते हादरलेच होते.

"थंड पाव गो! भर दुपारी! वर चीजचो एक तुकडो!" काका मूळचे कुडाळकडचे. हळहळले की मालवणीत जात. "आणि त्यावर ही माणसं संध्याकाळपर्यंत काम करतात. त्यांच्याशी भावावरून भांडायचं म्हणजे पाप आहे."

पण काकांचा खरा नमुना वेगळाच होता. वाईट बातमी ते कधीही एका दमात सांगत नसत. हप्त्याहप्त्याने सांगत. आपल्याकडे कोणी गेलं की गावाहून फोन येतो, "दादांची तब्येत जरा बरी नाही, जमलं तर येऊन जा." मग वाटेत दुसरा फोन, "जरा सिरियस आहे." आणि दारात चपला दिसल्या की मग काही सांगावंच लागत नाही. ही रीत आपण सगळेच पाळतो, पण मरणापुरती. काकांनी ती सगळ्या आयुष्याला लावली होती.

ऑफिसचा एसी बंद पडला, तर काका सकाळी विचारणार, "आपल्या एसीचं वय झालं ना गं आता?" दुपारी म्हणणार, "आवाज ऐकलास त्याचा? थकलाय बिचारा." आणि संध्याकाळी, आम्ही घामाने निथळत असताना, "गेला गो." माझी पगारवाढ नाकारली गेली हे मला आठवडाभर कळत होतं. सोमवारी त्यांनी मला साधेपणाने जगण्याचे फायदे सांगायला सुरुवात केली.

रिक्षावाल्यालासुद्धा ते पूर्ण पत्ता द्यायचे नाहीत. मुलुंडहून पवईला जायचं म्हटलं की ट्रॅफिकच्या भीतीने रिक्षावाले मान हलवतात. काका शांतपणे बसायचे आणि म्हणायचे, "भांडुप." भांडुप आलं की, "जरा पुढे घ्या ना, कांजूर." गांधीनगरच्या सिग्नलला रिक्षावाल्याच्या मुलाबाळांची नावं पाठ झालेली असत आणि मग काका हळूच म्हणत, "इथपर्यंत आलोच आहोत तर पवईच करू या." एकाही रिक्षावाल्याने त्यांना उतरवलेलं मी पाहिलं नाही. मी एकदा त्यांच्या डोळ्यांदेखत रिक्षात बसून थेट 'पवई' म्हणाले आणि दोघंही उन्हात उभे राहिलो. काकांनी नुसता रुमाल डोक्यावर घेतला.

आता अशा माणसाला समोर मिळाली यान्नेके. हॉलंडच्या कंपनीत आमची खरेदी तीच बघायची. उंच, चाळिशीची, आणि बोलायला अशी सरळ की कॉलवर नमस्कार करतानाच पहिला मुद्दा मांडून मोकळी. काका विचारायचे, "घरी सगळे बरे?" ती म्हणायची, "हो. पुढचा मुद्दा." दर आठवड्याला हे व्हायचं आणि दर आठवड्याला काका तितकेच दुखावले जायचे.

आणि मग पंपांना तडे गेले. पंपांची शरीरं आम्ही बाहेरच्या फाउंड्रीतून ओतून आणायचो. एका खेपेच्या ओतकामात केसासारख्या चिरा निघाल्या. सगळी खेप बाद. माल निदान दीड महिना लांबणार, हे आम्हाला सोमवारी सकाळी कळलं. काकांनी दार लावून घेतलं आणि यान्नेकेला मेल लिहिली. ती मी नंतर वाचली. काकांचं इंग्रजी चांगलं होतं, पण इथे मराठीतच सांगते: "पंप एकंदरीत छान आहेत. त्यांच्यातल्या एकदोघांना जरा अस्वस्थ वाटतंय."

यान्नेकेला वाटलं, काका गंमत करतायत. तिने उलट टपाली हसरा चेहरा धाडला आणि पंपांना लवकर बरं वाटो म्हणून शुभेच्छा दिल्या. मंगळवारी काकांनी लिहिलं, "अस्वस्थता वाढली आहे. आमची माणसं उशाशी बसून आहेत." बुधवारी, "आता सगळं देवाच्या हातात."

बुधवारी दुपारी तिचा थेट शेठना व्हिडिओ कॉल आला. काका आणि मी शेठच्याच केबिनमध्ये होतो.

"देवाच्या हातात किती पंप आहेत?" तिने विचारलं.

शेठनी काकांकडे पाहिलं, काकांनी माझ्याकडे. शेवटी मीच सांगितलं, "सगळे."

तिचा चेहरा लाल झाला. तिने तोवर पंप बसवणारी माणसं दुसऱ्या गावच्या डेअरीत पाठवून दिली होती. ती माणसं तिथे हात बांधून बसली होती आणि डेअरीवाले तिच्या नावाने शंख करत होते. "तुम्हाला सोमवारी माहीत होतं," ती म्हणाली. "मला तुम्ही पहिल्या दिवशी, पहिल्या वाक्यात सांगायला हवं होतं. आमच्याकडे याला खोटं बोलणं म्हणतात. पुन्हा एकदा माल लांबला, तर आपला व्यवहार संपला."

कॉल संपल्यावर काका बराच वेळ स्वेटरचं बटण फिरवत राहिले. "खोटं म्हणाली गो," ते मला म्हणाले. "मी एक शब्द तरी खोटा लिहिला होता?"

शेठ वाईट नव्हते, पण हॉलंड गेलं तर दुसरी पाळी बंद करावी लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. "काका, तुमचा रिस्पेक्ट आपल्या जागी," ते म्हणाले. "पण आतापासून हॉलंडशी ही पोरगी बोलेल. सीधा बोलेल. तुम्ही कॉलमध्ये बसा, शेवटी दोन मिनिट हालहवाल विचारा. बस."

तेव्हापासून काका कॉलवर माझ्या बाजूला बसू लागले, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे. मला फार वाईट वाटायचं. आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं, कारण माझा कोर्स आता कुठे कामाला आला होता.

पुढे यान्नेके कारखाना बघायला स्वतः मुलुंडला आली. काकांनी तिला विमानतळावरून आणलं. अर्थात रिक्षाने आणि अर्थात हप्त्यांनी. काकूंनी तिच्यासाठी डबा पाठवला होता, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. जेवण झाल्यावर काकांनी मोठ्या आशेने विचारलं, "आवडलं?"

"सांबारं नाही आवडलं," यान्नेके म्हणाली. "आंबोळ्या फार छान."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तिने डबाच फेकून दिला. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, काकूंना काय सांगितलंत?

"काय सांगणार? म्हटलं, तिला आंबोळ्या फार आवडल्या."

"मग?"

"मग काय! ती म्हणाली, म्हणजे सांबारं आवडलं नाही." काका खिन्नपणे हसले. "घरच्या माणसाला पहिल्या हप्त्यातच कळतं गो. बाकीचे हप्ते परक्यांसाठी."

त्याच जेवणाच्या टेबलावर यान्नेकेने त्यांना सरळच विचारलं होतं, की तुम्ही असं का करता? आणि काकांनी तिला जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. काका कॉलेजात असताना त्यांच्या चाळीत फोन फक्त त्यांच्याकडे. सगळ्यांचे निरोप त्यांच्याकडे यायचे आणि ते पोचवायचं काम काकांचं. एकदा वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा भाऊ गेल्याचा फोन आला. काका धावत गेले आणि दारातूनच सांगून टाकलं. वहिनी घरात एकट्या होत्या. चक्कर येऊन दारासमोरच्या जिन्यावरून पडल्या आणि पुढे कायम पाय ओढत चालल्या.

"तेव्हापासून मी आधी बघतो, माणसाजवळ कोण आहे," काका म्हणाले. "कोणी नसेल, तर कोणी येईपर्यंत हवापाण्याचं बोलत राहतो."

यान्नेकेने डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "आमच्याकडे आधी सांगतात, मग जवळ बसतात."

"आमच्यात आधी बसतात, मग सांगतात."

"माझ्याजवळ बसायला कोणी नाही," ती तितक्याच सरळपणे म्हणाली. "आईवडील गेले. भाऊबहीण नाही. एक कुत्रा आहे."

काकांनी लगेच कुत्र्याचं नाव विचारलं. त्यानंतर प्रत्येक कॉलवर त्यांच्या दोन मिनिटांतलं निम्मं कुत्र्यावर जाऊ लागलं आणि यान्नेकेसुद्धा 'पुढचा मुद्दा' म्हणायचं विसरू लागली.

व्यवहार पुन्हा रुळावर आला. इतका, की पुढच्या वर्षी तिकडच्या कंपनीने दुपटीचा अंदाज कळवला. पक्की ऑर्डर यायची होती, पण शेठ खूश होते. फाउंड्रीला एकदम वर्षभराचं ओतकाम सांगायचं, त्यासाठी बँकेचं कर्ज काढायचं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सह्या होत्या. आदल्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये आमचा नेहमीचा कॉल झाला, शेठही बसले होते.

त्या दिवशी यान्नेकेच्या शेजारी एक नवा गृहस्थ बसला होता. कायदा खात्यातला, अशी त्याची ओळख करून दिली गेली. मी माझे मुद्दे मांडले. यान्नेकेने सगळ्यांना "नोंद घेतली" एवढंच उत्तर दिलं. मग ती म्हणाली, "काकांशी बोलू का?"

काका पुढे सरकले. "घरी सगळे बरे?"

"तसे बरे," यान्नेके म्हणाली. "जरा अस्वस्थ वाटतंय."

काकांचा हात चहाच्या कपावर होता, तो तिथेच थांबला.

"कोणाला?"

"घरातल्या मोठ्या माणसाला."

"अरेरे. डॉक्टर?"

"शुक्रवारी येणार आहेत. मोठे डॉक्टर. बाहेरून."

"जेवण कसं आहे?"

"जेवण बंद होणार आहे," यान्नेके म्हणाली. तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता, पण ती काकांकडे डोळे न हलवता बघत होती. "आत्ता तुम्ही काही करून पाठवू नका, काका. वाया जाईल."

"नाही पाठवत," काका म्हणाले. मग एकदम हळू आवाजात, "आणि तुझ्याजवळ कोण आहे?"

"मी त्याच घरात आहे, काका."

शेजारच्या कायदेवाल्या गृहस्थाने सहानुभूतीने मान हलवली आणि घरच्यांना आराम पडो असं म्हणाला. कॉल संपला.

"बिचारी," शेठ म्हणाले. "कोई बीमार लागतंय घरी. फुलं पाठवा."

काका उठले, केबिनचं दार उघडून शेठच्या धाकट्या भावाला आत बोलावलं आणि शेठच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. मग शेठपुढे पाण्याचा ग्लास ठेवला. हप्ते सुरू झाले होते.

"शेठ, आज ऊन जरा..."

"काका!" शेठ ओरडले. "सीधा बोला ना!"

काकांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "ओतकामाची ऑर्डर थांबवा," ते कसेबसे म्हणाले. "हॉलंड गेलं."

"कोण बोललं?"

"आत्ता ती बोलली ना."

"ती तर घरच्या बीमारीचं बोलली! काका, त्यावरून मी ऑर्डर थांबवू? आणि उद्या माल लांबला तर? ती आधीच बोलली आहे, पुन्हा लांबला तर खेळ खलास!"

शेठचं चुकत नव्हतं. काका चुकीचे निघाले असते तर त्यांनीच हॉलंड घालवलं असतं, दुसऱ्यांदा. काकांनाही ते कळत होतं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. "तू बोल. तू सीधी आहेस."

आणि मला ते जेवणाचं टेबल आठवलं.

"शेठ," मी म्हणाले, "तिच्या घरी मोठं माणूसच नाही. एक कुत्रा आहे."

शेठनी पाण्याचा ग्लास एका दमात संपवला, फोन उचलला आणि फाउंड्रीला ऑर्डर थांबवायला आणि बँकेला सह्या पुढे ढकलायला सांगितलं. शुक्रवारपर्यंतचे ते दोन दिवस शेठ कोणाशी बोलले नाहीत. काकांनी डबा उघडला नाही. मी दर थोड्या वेळाने मेल बघत होते आणि मनात म्हणत होते, देवा, हॉलंड जाऊ दे. नोकरी जाणार होती तरी म्हणत होते, कारण काका खोटे पडलेले मला बघवले नसते.

शुक्रवारी पत्र आलं, पहिल्याच वाक्यात सगळं सांगणारं. यान्नेकेची कंपनी एका बड्या कंपनीने विकत घेतली होती. त्यांचे स्वतःचे पंप होते. खरेदी खातं बंद, आमच्या ऑर्डरी बंद. जाहीर होईपर्यंत तिला एक अवाक्षर बोलायची मनाई होती. सरळ बोलायची सोय नव्हती, म्हणून बाईने काकांची भाषा वापरली होती.

आमची दुसरी पाळी बंद झालीच. वाईट दिवस आले. पण कर्जाचा डोंगर डोक्यावर नव्हता, म्हणून कंपनी तगली. पुढे नाशिककडच्या डेअऱ्यांनी हात दिला आणि काही महिन्यांनी ती पाळी पुन्हा सुरू झाली. शेठनी देव्हाऱ्यापुढे नारळ फोडला आणि पहिला तुकडा काकांच्या हातावर ठेवला.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी काकांनी उजव्या हातावरचं घड्याळ पाहिलं. तिकडे जेवणं आटोपली होती. त्यांनी मला समोर बसवलं, स्वतः ताठ बसले आणि यान्नेकेला तिच्या स्वतःच्या नंबरवर फोन लावला. तिने उचलला. आता हवा येणार, मग कुत्रा, मग थंड पाव, असं मनाशी म्हणत मी खुर्चीत रेलून बसले.

"यान्नेके," काका म्हणाले, "तुझी नोकरी गेली. फार वाईट झालं. मला रडू येतंय."

पहिल्याच वाक्यात. तिच्या पद्धतीने. मी काकांकडे बघतच राहिले. ते खरोखरच रडत होते.

पलीकडून काहीच आवाज येईना. काका घाबरले, फोन या कानाचा त्या कानाला केला, माझ्याकडे 'आता काय करू' असं बघितलं. मग तिकडे कोणीतरी जोरात नाक शिंकरलं आणि ती बाई म्हणाली,

"काका, असं एकदम सांगतात का?"